आज काय करायचं? : आईचा हात मोडला तेव्हा शिकलेला स्वयंपाक

जेवलात का? नसाल जेवलात तर उठा, कुकरमध्ये डाळ-तांदूळ लावा आणि मग हेडफोन घाला. हा भाग संपेपर्यंत तुमचा वरण-भात तयार असेल. आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखं लिहूनही टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधलं 'अं, अं' काढून टाकलंय.

आजचा विषय एकदम घरगुती. स्वयंपाक. आता तुम्ही म्हणाल, याला काय कळतं त्यातलं? बरोबर आहे. गेल्या मेपर्यंत मला मॅगी आणि ऑम्लेट सोडून काही येत नव्हतं. पुण्यात दोन वर्षं राहिलो, तिथं मेसचा डबा. फलटणला परत आलो, इथं आईच्या हातचं. मधे शिकायची वेळच आली नाही. आली नाही म्हणजे, मी येऊ दिली नाही.

तर झालं असं. मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपासची गोष्ट. आई सकाळी गोठ्यात शेण काढत होती, पाय घसरला आणि पडली. पडताना हात टेकवला, तो नेमका उजवा. मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, सहा आठवडे या हातानं काही करायचं नाही.

घरी आलो. दुपारचे दोन वाजलेले. आई खाटेवर पडलेली. मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघराच्या दारात उभे. आमचे अण्णा पहाटे पाचला उठून दोन गायांची धार काढतात, उसाला पाण्याची पाळी आली की रात्री बारालाही रानात जातात. कामाला घाबरणारा माणूस नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "चहाची पावडर कुठं असती रे?"

मलाही माहीत नव्हतं.

आपल्याच घरात २३ वर्षं राहून चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे ते दोघा बाप्यांना माहीत नाही. आईला विचारलं तर आतून आवाज आला, "वरच्या फळीवर, साखरेच्या मागं." तेव्हा ती कळवळत होती, तरी सांगत होती. मला लय लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

तर त्या सहा आठवड्यांत मी जे शिकलो ते आज सांगणार आहे. ही काही शेफची रेसिपी नाही. नवशिक्या माणसाला रोजचं जेवण कसं जमेल, एवढंच.

पहिली गोष्ट, अंदाज.

आई खाटेवरून सांगायची आणि मी करायचो. पण ती सांगायची कसं? "मीठ घाल अंदाजानं." "तांदळावर पेरभर पाणी ठेव." अगं, पण पेर कुणाचं? तुझं का माझं? पहिल्या दिवशी भाताची खीर झाली, दुसऱ्या दिवशी भात दाताखाली कचकच. तिसऱ्या दिवशी मी एक स्टीलची वाटी घेतली आणि ठरवलं, आता सगळं हिनंच मोजायचं.

एक गंमत सांगतो. वाटी-चमच्याचं माप ही काही माझी अक्कल नाही. आपल्या सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली आलं. त्यांनी पदार्थ वाटी आणि चमच्याच्या मापानं सांगितले. नवीन लग्न झालेल्या, घरापासून लांब राहणाऱ्या कितीतरी जणींनी ते पुस्तक बघून स्वयंपाक केला. कारण ज्याच्या शेजारी सांगायला आई उभी नाही, त्याला 'अंदाजानं घाल' सांगून काही उपयोग नसतो. त्याला माप लागतं. अंदाज नंतर येतो.

तर माझी मापं लिहून घ्या. साधा भात, कुकरमध्ये: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. मऊ हवा असेल तर अडीच. तूरडाळ: एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, दोन थेंब तेल. दोन्ही डब्यांत एकावर एक ठेवा. आणि डब्यांच्या खाली, कुकरच्या तळाला, दोन वाट्या पाणी घालायला विसरू नका. मी एकदा विसरलो. तीन मिनिटांत जळका वास आला आणि आई खाटेवरून ओरडली, "आरं, खाली पाणी घातलंस का?" वासावरून ओळखलं तिनं.

अजून एक. शिट्टी झाली की लगेच झाकण ओढायला जाऊ नका. वाफ आपोआप जिरू द्या. तेवढ्या वेळात उरलेला शिजण्याचा भाग आतल्या वाफेवर होतो, आणि तुमचा हातही भाजत नाही.

खिचडी: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी. कुकरमध्येच फोडणी द्यायची, तीन शिट्ट्या. आजारी माणसाला, दमलेल्या माणसाला आणि महिनाअखेरीला, तिन्हीला चालते.

दुसरी गोष्ट, घरात चार डबे तयार पाहिजेत.

पहिल्या आठवड्यात मी रोज सगळं शून्यापासून करायचो. लसूण सोला, दाणे भाजा, खोबरं किसा. नऊ वाजता जेवायला बसायचो. मग आईनं सांगितलं, रविवारी तासभर बस आणि आठवड्याचं करून ठेव. तो एक तास काढल्यावर रोजचा अर्धा-पाऊण तास वाचायला लागला.

डबा एक, दाण्याचं कूट. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे. मोठ्या आचेवर बाहेरून काळे होतात, आत कच्चे राहतात. गार झाल्यावर सालं काढून मिक्सरला थांबत थांबत फिरवायचं, सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. दहा-पंधरा दिवसांपुरतंच करा, जास्त दिवस राहिलं की खवट लागतं.

डबा दोन, सोललेला लसूण. अण्णांचं हे खातं. टीव्हीवर बातम्या बघत सोलतात. फ्रीजमध्ये कोरड्या डब्यात आठवडा आरामात राहतो.

डबा तीन, कांदा-लसूण मसाला. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवतात, त्यामुळं तो घरात होताच. तुमच्याकडं नसेल तर विकत आणा. पण एक लक्षात ठेवा: तेल कडकडीत असताना मसाला टाकू नका, करपतो आणि सगळी भाजी कडू होते. आधी गॅस बारीक करा, मसाला टाका, दहा सेकंद हलवा आणि लगेच भाजी किंवा पाणी घाला.

डबा चार, मोड आलेली मटकी. रात्री भिजवा, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो. मोड आलेल्या मटकीला कुकरही लागत नाही, कढईत झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटांत शिजते. कांदा, मसाला, मीठ, वरून कूट. झाली उसळ.

हे चार डबे असले की कुठलीही भाजी वीस मिनिटांत होते. आमच्याकडं थंडीत बाजारात करडईची कोवळी भाजी येते. करडई म्हणजे ज्याचं तेल काढतात तेच पीक. पानं कोवळी असताना काढायची, मोठी झाली की काटे येतात. भिजवलेली मूगडाळ, भरपूर लसूण आणि करडई, बास. शहरातल्या मित्रांना ही भाजी माहीतच नसते. आणि फलटणचं करडईशी नातं फार जुनं आहे बरं का. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, जी १९६८ साली सुरू झाली, करडईवर वर्षानुवर्षं काम चाललंय. काढणी करताना हात रक्तबंबाळ होऊ नयेत म्हणून बिनकाट्याच्या जाती इथं तयार झाल्या. मी त्याच गावात वाढलो आणि करडईची भाजी पहिल्यांदा स्वतः निवडली ती २३व्या वर्षी.

तिसरी गोष्ट, भाकरी.

हिला घाबरू नका, पण पहिल्या दिवशी गोल होईल अशी आशापण ठेवू नका. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी गरम लागतं. गरम पाण्यानं पीठ बांधलं जातं. मग तळहाताच्या टाचेनं रगडायचं, चांगलं दोन-तीन मिनिटं. पीठ जुनं असेल तर त्याची विरी जाते, म्हणजे त्यातला जोर जातो आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. तेव्हा आपला दोष समजू नका, पीठ बदला. थोडंथोडं दळून आणा.

तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकत आलं की उलटायची. सुकून कोरडी पडू दिली तर तडे जातात, ओली असताना उलटली तर तव्याला चिकटते. माझ्या पहिल्या पंधरा भाकऱ्या गायांनी खाल्ल्या. गायांनी तक्रार केली नाही.

आता मुख्य किस्सा.

तुम्हाला माहीतच आहे, माऊलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाताना फलटणला मुक्कामाला असते. लोणंद, तरडगाव, मग फलटण, पुढं बरड. विमानतळावर पालखीचा तळ पडतो आणि दोन दिवस अख्खं गाव वारकऱ्यांचं होतं. आमच्या घरी मला आठवतंय तेव्हापासून एका दिंडीतली अठरा-वीस माणसं रात्रीच्या जेवणाला येतात. मेनू ठरलेला: पिठलं, भाकरी, ठेचा, भात. दरवर्षी आई दुपारपासून चुलीपुढं बसायची.

जूनचा शेवटचा आठवडा आला. आईच्या प्लास्टरला पाच आठवडे झालेले. अण्णा म्हणाले, "या वर्षी त्यांना नको म्हणून कळवतो." आई काही बोलली नाही. पण तिचा चेहरा असा झाला की मीच म्हणालो, "नको कशाला? मी करतो पिठलं."

घरी तिघांसाठी मी तोपर्यंत पाच-सहा वेळा पिठलं केलेलं. माप पाठ होतं: एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, पाऊण चमचा मीठ. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, मिरची, हळद. त्यात उरलेलं पाणी उकळायचं, कालवलेलं बेसन हळूहळू ओतत हलवत राहायचं, मग झाकण ठेवून बारीक गॅसवर पाच-सात मिनिटं. येणाऱ्या माणसांतले काही जण कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून आमच्याकडं त्या दिवशी सगळंच पिठलं बिनकांदा-लसणाचं असतं.

मी हिशेब केला. मी तसा हिशेबाचंच काम करतो एका दुकानात! एकास तीन. एक किलो बेसन, तीन लिटर पाणी. बरोबर ना?

साफ चूक. संध्याकाळी साडेसहाला पातेल्यात सिमेंट कालवल्यासारखा गोळा झाला. डाव फिरेना. खालून लागायला लागलं. बाहेर अंगणात माणसं हातपाय धूत होती, कुणीतरी अभंग म्हणत होतं, आणि मी आत घामानं भिजलेला. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं.

चूक काय झाली ते ध्यानात घ्या, कारण ही तुम्हीही करणार. वाटीनं आपण जागा मोजतो, वजन नाही. बेसन हलकं असतं, एक किलो बेसन जवळजवळ दोन लिटरची जागा घेतं. आमच्या वाटीनं तेराएक वाट्या भरतात. म्हणजे पाणी लागणार तेरा त्रिक एकोणचाळीस वाट्या, सहा लिटरच्या आसपास. मी निम्मंच घातलेलं. जे माप वाटीचं आहे ते वाटीनंच मोजायचं, किलो-लिटरमध्ये बदलायचं नाही.

आई उठून आली. प्लास्टरचा हात गळ्यात. तिनं पातेल्यात बघितलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, "गॅस बंद कर. दुसऱ्या भांड्यात पाणी उकळ. गार पाणी घालायचं नाही, गुठळ्या हुतील. उकळतं पाणी एक-एक वाटी घाल आणि रवीनं घुसळ."

मी घातलं आणि घुसळलं. तिसऱ्या-चौथ्या वाटीला गोळा सैल झाला, दहाव्या वाटीला पिठल्यासारखं दिसायला लागलं. पाणी वाढलं म्हणून मीठ पुन्हा चाखून घातलं, वरून दुसरी छोटी फोडणी दिली, परत गॅसवर ठेवून पाच मिनिटं वाफ काढली. तळाचं लागलेलं खरवडलं नाही, ते तसंच राहू दिलं. हे पण लक्षात ठेवा: खाली लागलं तर ढवळू नका, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा.

भाकऱ्यांचं म्हणाल, तर अकरा मी केल्या आणि तीसेक शेजारच्या काकींनी आणि त्यांच्या सुनेनं करून दिल्या. म्हणजे आईचं काम शेवटी बायकांकडंच गेलं की. ते मी लपवत नाही. पुढच्या वर्षी पंचवीस करायच्या असं ठरवलंय.

पंगत बसली. अण्णा वाढत होते, मी वाढत होतो. एक म्हातारे माऊली आईला म्हणाले, "तुम्हीपण बसा की." ती सवयीनं म्हणाली, "तुमचं होऊ द्या, मी मागनं बसते." मग तिच्या लक्षात आलं असावं की मागं तिला करायला काहीच नाही. तवा माझ्याकडं, पातेलं माझ्याकडं. ती बसली. पंगतीत, माऊलींच्या शेजारी, डाव्या हातात चमचा धरून पिठलं खायला लागली.

मला आठवतंय तेव्हापासून इतकी वर्षं ही माणसं आमच्याकडं जेवतात. आई त्यांच्या पंगतीत पहिल्यांदा बसली. हात मोडला म्हणून बसली. मी भाकरी उलटता उलटता तिच्याकडं बघत होतो आणि एक भाकरी जळाली.

ते म्हातारे जाताना मला म्हणाले, "माऊली, आईचा हात बरा व्हायच्या आत तुझा हात बसला की." मी म्हणालो, "अजून नाही, पण बसंल."

जुलैत प्लास्टर निघालं. मनगट आखडलेलं होतं, भरलेला कुकर उचलायला तिला अजून महिना-दीड महिना लागणार होता. पण तोपर्यंत मला एक कळलं होतं, आणि आजच्या भागात सांगायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. स्वयंपाकात सगळ्यात जास्त दमवतं ते 'आज काय करायचं?' हे रोज ठरवणं. शिजवण्यापेक्षा जास्त. घरात काय आहे, काय संपलंय, काल काय झालं, कुणाला काय आवडत नाही, कालची भाकरी उरलीय का. हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं. आणि आपण काय करतो? "आई, आज काय आहे?" विचारतो आणि उत्तर ऐकून तोंड वाकडं करतो.

म्हणून आम्ही वार वाटून घेतले. कागद फ्रीजवर लावलाय. सोमवारी आमटी-भात. मंगळवारी उसळ. बुधवारी पिठलं. गुरुवारी पालेभाजी. शुक्रवारी अख्खा मसूर, कांदा-लसूण मसाला घालून, कराडकडं करतात तसा झणझणीत. शनिवारी फळभाजी. रविवारी खिचडी. बदल करायचा असेल तर करा, पण सुरुवात कागदावरून होते, कुणाच्या डोक्यातून नाही. शेजारी दुसरा कागद: संपलेल्या सामानाचा. ज्यानं डबा रिकामा केला त्यानं लिहायचं.

बुधवार आणि शनिवार माझे. रविवार अण्णांचा. त्यांच्या खिचडीत मीठ कधी जास्त, कधी विसरलेलं. पण चहा आता ते फक्कड करतात, आणि पावडर कुठं आहे ते विचारत नाहीत. उरलेले चार दिवस आई करते. अजूनही तिच्याकडं जास्त आहेत, मला माहीत आहे. हळूहळू सरकवतोय.

तर मंडळी, आजचा गृहपाठ सोपा आहे. घरी असाल तर आज आईला नाही, डब्यांना विचारा. मीठ, डाळ, पीठ, चहापावडर कुठं आहे ते स्वतः शोधा. आणि या आठवड्यात एक वार आपल्या नावावर घ्या. रूमवर राहत असाल तर एक वाटी ठरवा आणि तिनंच सगळं मोजा. महिनाभरानं ती वाटी बाजूला ठेवा, हात आपोआप तेवढंच उचलेल.

तुमचं पहिलं पिठलं कसं झालं, गुठळ्यांसकट कळवा. हा भाग त्या मित्राला पाठवा ज्याला अजून चहाची पावडर सापडलेली नाही.

चला, आज बुधवार आहे. बेसन मोजायचंय मला. वाटीनं! भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!